अकरा तारखेचा उपास

१

रेडवॉशच्या कड्याखाली ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी थेन ऑस्टरगार्ड यांचं प्रेत सापडलं. वय एकाहत्तर. तांबड्या दगडांवर पालथे पडले होते. चष्मा मात्र धड होता, कारण तो नाकावर नव्हता. घडी घालून कोटाच्या वरच्या खिशात ठेवलेला होता.

कॉलेजातल्या त्यांच्या खोलीत कॉम्प्युटर सुरू होता. पडद्यावर टाइप केलेल्या तीन ओळी:

मारेनची रोजनिशी मी बनवली.
सगळ्यांना फसवलं.
ॲफ्टन, मला क्षमा कर.

शेरीफने टोपी काढली, तीन ओळी वाचल्या, टोपी घातली. प्रकरण त्याच्यापुरतं मिटलं.

कॉलेजचं मात्र मिटलं नव्हतं. मंगळवारी त्यांच्या बायकोच्या हातात पत्र पडलं. येत्या सोमवारी समिती बसणार होती. मॉर्मन इतिहासाच्या अध्यासनावरून ऑस्टरगार्ड हे नाव उतरवायचं, त्यांची सगळी पुस्तकं 'अविश्वसनीय' म्हणून जाहीर करायची. पन्नास वर्षांचं काम एका दुपारी पुसायचं.

शेजारणी चीज घातलेल्या बटाट्यांची तबकं आणून ओट्यावर ठेवत होत्या आणि नजर चुकवून निघून जात होत्या. त्यातल्याच एकीने जाता जाता विचारलं, "पण ॲफ्टन, असा मेलेला माणूस पलीकडे आपल्याला भेटतो का गं?"

ॲफ्टनने दार लावलं आणि सॉल्ट लेकला फोन केला. अठ्ठावीस वर्षं ज्या बाईशी तिच्या नवऱ्याचं बोलणं नव्हतं, तिला.

२

"तुझ्या अंगाला कॉफीचा वास येतोय," दारात ॲफ्टन म्हणाली.

"चार तास गाडी चालवलीय," लिओरा टॉलमन म्हणाली. "बाहेर थांबू?"

"ये आत. मला आवडतो तो वास. कॉफी आपल्यात वर्ज्य, तेव्हा बिशपला सांगू नकोस म्हणजे झालं."

लिओरा आत आली. वय अठ्ठावन्न, धर्माच्या इतिहासाची प्राध्यापक, एके काळची थेन यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. पहिल्या पिढीतल्या मॉर्मन बायका आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत, जे आज फक्त पुरुष करतात, असं तिने कागदपत्रांनिशी लिहिलं. त्यावरून चर्चने तिची चौकशी लावली. 'मजकूर खरा आहे' एवढं एक पत्र तिने सरांकडे मागितलं होतं. त्यांनी तिला खोलीत बोलावलं, चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "लिओरा, मला जमणार नाही." तिला चर्चमधून काढलं. त्यांचं अध्यासन राहिलं.

"मला का बोलावलंत? मी काही त्यांच्याबद्दल चांगलं बोलणार नाही."

"म्हणूनच. तू 'त्याने हे केलं नाही' म्हणालीस, तर लोक मानतील. मी म्हटलं तर बायको आहे."

ॲफ्टनने एक वही पुढे सरकवली. थेन रोज लिहायचे, विशीत डेन्मार्कला धर्मप्रचाराच्या मिशनवर गेले तेव्हापासून. शेवटची नोंद रविवारची:

*मारेनची शेवटची पानं वाचून झाली. अकरा तारखेचा उपास! पन्नास वर्षांत असा गाढवपणा पाहिला नाही. आधी त्याला स्वतःहून बोलू द्यावं. मग लिहीन.*

"शेरीफला दाखवलंत?"

"तो म्हणाला, 'त्याला' म्हणजे कुणाला हे यात नाही, आणि कुणी बनवली तेही नाही. ते चिठ्ठीत आहे म्हणे."

"आणि चष्मा?"

"उडी मारणारे काढून ठेवतात म्हणे."

"चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचे बूट दिसायचे नाहीत. कड्यापर्यंत चष्मा लावूनच गेले असणार." लिओराने वही मिटली. "समोरच्याला काही जड बोलायचं असलं की ते चष्मा काढायचे. ॲफ्टन, तिथे समोर कुणीतरी होतं."

३

नोंदकार्ड. विशेष संग्रह, खोका ११२.

*लेखिका:* मारेन, सुईण, रेडवॉश वसाहत.
*काळ:* ऑगस्ट ते नोव्हेंबर १८६८.
*कुठून आली:* दान आलेल्या सामानात सापडली. शोधणारे, अभिलेखपाल रूएल बार्नी.
*महत्त्व:* रविवार, ११ ऑक्टोबर १८६८ रोजी जुन्या गिरणीत पायूट या आदिवासी जमातीची चार माणसं गोळ्या घालून मारली गेली. ती वसाहतीचा संस्थापक लोरेन्झो विंगेट याने मारली, असं प्रा. ऑस्टरगार्ड यांनी तीस वर्षांपूर्वी पुस्तकात दाखवून दिलं. या रोजनिशीने ते खोटं पडतं. त्या दिवसाची नोंद अशी:

*'आज उपासाची सभा. ब्रदर विंगेट सकाळपासून सूर्य कलेपर्यंत आमच्यात होते. उठून आपल्या श्रद्धेची साक्ष दिली, रडले. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याबरोबरच उपास सोडला.'*

*शेरा, पेन्सिलीने, अक्षर ऑस्टरगार्ड यांचं:* पायूट मंडळींच्या स्मारकाचा दगड वसंतात बसायचा आहे. त्याआधी याचा निकाल लागायला हवा.

लिओराने कार्ड दोनदा वाचलं. तिला गाढवपणा कुठे दिसला नाही.

तिला दिसला नाही, हेच तिला रात्रभर टोचत राहिलं.

४

"सिस्टर टॉलमन! अरे हो, आता सिस्टर म्हणायचं नाही, नाही का?"

डिलॉय विंगेट संस्थापकाचा पणतू. गावातल्या निम्म्या इमारती त्याच्या, आणि चौकात पणजोबांचा पुतळा बसवायचा ध्यास. त्याने तिच्यासमोर रोल आणि मध ठेवला.

"खा, खा. लाजू नका. आमच्या पूर्व भागाचा उपास चर्चच्या कॉन्फरन्सच्या आधीच्या रविवारीच उरकला. पश्चिमवाले बिचारे या रविवारी उपाशी. त्यांना सगळंच उशिरा सुचतं."

"रोजनिशी सापडल्याचा तुम्हाला आनंद झाला असेल."

"झाला! तीस वर्षं शाळेत माझी पोरं खुन्याची पोरं म्हणून चिडवून घेत होती. मी पुतळ्याचं काम सुरू करायला सांगितलं. आणि आता कळतं, थेननेच ती बनवली. म्हणजे मी पुन्हा खुन्याचा पणतू." त्याने रोलचे दोन तुकडे केले, खाल्ला एकही नाही. "मला सांगा, तो जिवंत राहून माझा फायदा होता का मरून? बनावट आहे हे त्याने उघड केलं असतं तरी मी बुडालो, नाही केलं तरी बुडालो."

"उघड केलं नसतं तर बुडाला नसतात, डिलॉय."

तो हसायचा थांबला.

"सोमवारी सकाळी मी गुरं मोजत होतो," तो म्हणाला. "विचारा कुणालाही. म्हणजे, गुरांना."

५

(ज्यूलियन प्रेदर, सहायक प्राध्यापक. ओहायोचा, प्रेस्बिटेरियन. मारेनच्या रोजनिशीवर पुस्तक लिहीत होता, त्यावर त्याची नोकरी कायम होणार होती. लिओराचे प्रश्न तिनेच नंतर टिपणातून खोडले. उत्तरं राहिली.)

"हो, माझा फायदा होता. आता नाही. आता मी एका बनावट वहीचा जगातला सगळ्यात मोठा तज्ज्ञ आहे."

"भांडण नाही. सर मला जेवायला बोलवायचे. ती हिरवी जेली आणि तिच्यात गाजर. मी आठ वर्षं खातोय, अजून कळलं नाही ते गोड असतं की कोशिंबीर."

"उपास? मी? नाश्ता चुकला तर मला वर्गात चक्कर येते."

"नोंदींना टिपा लिहिल्यात ना, बघा. दोन ऑगस्ट, उपास. सहा सप्टेंबर, उपास. महिन्याचा पहिला रविवार, तुमच्याकडे असतो तसाच. मग ऑक्टोबर. पहिला रविवार चार तारखेला, पण मारेनचा उपास अकराला. ही माझी टीप: 'का? लेखिकेची चूक?' सरांना विचारणार होतो."

"का हसताय?"

"नाही, खरंच माहीत नाही. कुणी सांगितलंच नाही मला."

६

तळघरात थंडी होती. रूएल बार्नी पांढरे हातमोजे घालून जुने फोटो पुसत होता. सत्तरीचा, बारीक, हळू बोलणारा. थेन यांचा सगळ्यात जुना मित्र. डेन्मार्कला दोघं एकाच खोलीत दोन वर्षं राहिले होते.

"तू आलीस हे बरं केलंस," तो म्हणाला. "त्याला तुझं वाईट वाटायचं. मला म्हणायचा, रूएल, मी त्या पोरीला बुडू दिलं."

"मला कधी म्हणाले नाहीत."

"तो तसाच. माणसाला सांगायचं ते दुसऱ्यालाच सांगायचा."

कपाटावर एका तरुणाचा फोटो होता, मिशनरीचा काळा कोट, नवीन टाय. "माझा टॅनर," रूएल म्हणाला. "पोर्टलंडला असतो. नऊ वर्षं झाली. थेनचं गिरणीवरचं पुस्तक वाचलं आणि टेबलावर आपटून म्हणाला, बाबा, आपला धर्मच सगळा खोटा आहे, आणि गेला. त्याची आई गेली तेव्हा आला तो दफनभूमीच्या फाटकापर्यंत. आत नाही आला." त्याने फोटोवरची नसलेली धूळ पुसली. "आपली कुटुंबं मेल्यानंतरही कायमची बांधलेली असतात, लिओरा. तू मानत नसशील. मी मानतो. तिकडे त्याच्या आईशेजारी एक खुर्ची रिकामी राहील, आणि ती कधीच भरणार नाही. कधीच म्हणजे किती, याचा विचार केलायस कधी?"

"सोमवारी सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. खाली." तो उठला, दिवा नीट केला. "ॲफ्टनला म्हणावं, रविवारी सभेला ये. उपास आहे. तिला बरं वाटेल."

दारापाशी लिओरा थांबली. थेन यांची खोली बरोबर वरच्या मजल्यावर होती. मधल्या जिन्याची किल्ली रूएलच्या कमरेला लटकत होती.

पण किल्ली तर रखवालदाराकडेही असते.

तळटीप ४१

लिओराच्या स्वतःच्या प्रबंधात, पान दोनशे सहा, अगदी तळाशी. तिने ती चोविसाव्या वर्षी लिहिली होती आणि साफ विसरून गेली होती. शुक्रवारी सकाळी ॲफ्टनच्या बैठकीच्या खोलीत बसून ती आपलीच जुनी पानं चाळत होती, सरांचे लेख कुठे कुठे वापरले ते बघत. तिथे ती होती:

*४१. उपासाच्या दिवसासाठी पाहा: थेन ऑस्टरगार्ड यांचा पहिला छापील लेख. आरंभीची जवळजवळ पन्नास वर्षं हा उपास महिन्याच्या पहिल्या गुरुवारी असे. लोक काम टाकून सभेला येत. कामगारांची अडचण होते म्हणून तो १८९६ च्या अखेरीस रविवारी आणला गेला.*

तिने ते मोठ्याने वाचलं. मग पुस्तक मांडीवर पालथं टाकलं आणि हसली, आणि ते हसणं ऐकून ॲफ्टन स्वयंपाकघरातून धावत आली.

७

"बसा," लिओरा म्हणाली. "१८६८ मध्ये रविवारचा उपास नव्हताच. अकरा ऑक्टोबरच्या रविवारी उपासाची सभा भरणं शक्य नव्हतं. विंगेट त्या सभेत दिवसभर बसले होते, हे शक्य नव्हतं. सगळी वही त्या एका सभेसाठी रचली, आणि तीच सभा खोटी."

"मग थेनला हे..."

"त्यांचा पहिला लेखच यावर. जगात एक माणूस ही चूक करू शकत नव्हता, तो म्हणजे तुमचा नवरा. आणि मी ती वाचून पुढे गेले! कारण लहानपणापासून पहिल्या रविवारी माझ्या पोटात कावळे ओरडलेत. ही चूक बाहेरचा करत नाही. बाहेरचा उपासाच्या वाटेलाच जात नाही, किंवा ग्रंथ उघडून तपासतो. आपल्या हाडात मुरलेलं कुणी तपासत नाही."

ॲफ्टन खुर्चीच्या कडेवर बसली. "म्हणजे आपल्यातला कुणी."

"अजून एक आहे. ऑक्टोबरात पहिल्या रविवारी सॉल्ट लेकची कॉन्फरन्स असते, सगळे घरी बसून ऐकतात, म्हणून आपण उपास हलवतो. ही आत्ताची रीत. त्या काळी कॉन्फरन्स सहा तारखेला भरायची, वार कुठलाही असो. त्या वर्षी मंगळवार होता. पण लिहिणाऱ्याच्या हाताने सवयीने उपास चारवरून अकरावर ढकलला. ज्यूलियनला ही रीत ठाऊकच नाही. त्याने तिथे प्रश्नचिन्ह टाकलंय. तो सुटला. डिलॉयच्या पूर्व भागात उपास कॉन्फरन्सच्या आधी करतात. त्याने रचलं असतं तर सप्टेंबरचा शेवटचा रविवार आला असता. नंतरच्या रविवारी उपास कोण करतं?"

"आम्ही," ॲफ्टन म्हणाली. मग तिचा हात तोंडावर गेला. "आम्ही आणि रूएल. वही त्यालाच सापडली."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर बटाट्यांची सात तबकं तशीच पडली होती.

"शेरीफला सांगू."

"काय सांगणार? कोणत्या दिवशी कोण जेवलं नाही ते? वही खोटी ठरेल, सरांनी ती केली नाही हेही ठरेल कदाचित. खून नाही ठरणार. रूएल म्हणेल, मला फक्त सापडली. आणि समिती म्हणेल, म्हातारा वही रचताना आपलाच लेख विसरला असेल, मग उशिरा आठवला असेल." लिओराने फोन हातात घेतला. "एका माणसासमोर तो खोटं बोलणार नाही."

"लिओरा, नको. ते पोर आहे त्याचं."

"मला माहीत आहे ते काय आहे."

तिने पोर्टलंडचा नंबर फिरवला. टॅनरला एवढंच सांगितलं: सरांवर खोटा आळ आहे, रविवारी तू सभेला आलास तर तो पुसला जाईल. कसा, ते सांगितलं नाही. ही गोष्ट तिने पुढे कुणाला सांगितली तेव्हा हा भाग तिने दर वेळी सांगितला, आणि दर वेळी खाली बघून.

८

रविवार.

वॉर्डातले, म्हणजे पश्चिम भागाच्या मंडळीतले, दोनशे लोक. रिकाम्या पोटांचा आणि लहान मुलांच्या बिस्किटांचा वास. लिओरा शेवटच्या बाकावर. टॅनर सभा सुरू झाल्यावर आला आणि तिच्या शेजारी बसला, कोट न घालता.

प्रसादाच्या ब्रेडचं तबक आलं. तिला घ्यायची मुभा नव्हती. तिने ते त्याच्याकडे दिलं. त्याने ते पुढे दिलं.

मग बिशप म्हणाला, "आता वेळ तुमची. ज्याला आतून वाटेल त्याने यावं, साक्ष द्यावी."

कुणी उठण्याआधी ॲफ्टन उठली. लोकांनी माना खाली घातल्या.

"माझ्या नवऱ्याने ती वही लिहिली नाही," ती माइकमध्ये म्हणाली. आवाज फुटला, पुन्हा सापडला. गुरुवार आणि रविवार, चार आणि अकरा, तिने सगळं शाळेतल्या मुलीसारखं पाठ करून आणलं होतं. शेवटी तिसऱ्या रांगेकडे बघून म्हणाली, "ब्रदर बार्नी, सोमवारी कड्यावर थेन तुम्हाला काय म्हणाले?"

रूएल हलला नाही. बिशप अर्धवट उठला. कुठेतरी एक मूल रडत होतं आणि कुणी त्याला बाहेर नेत नव्हतं. मग रूएलने लोक कसे बघतात ते बघायला मान वळवली, आणि शेवटच्या बाकावर त्याची नजर अडकली.

त्याचा चेहरा उजळला. लिओराने तसा उजळलेला चेहरा आयुष्यात पुन्हा पाहिला नाही.

तो चालत माइकपाशी आला. ॲफ्टन बाजूला झाली नाही. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले.

"तो लेख मी वाचला नव्हता," रूएल म्हणाला. "मित्राचे लेख कोण वाचतं? थेनने चष्मा काढला आणि म्हणाला, रूएल, पुढच्या रविवारी उपासाच्या सभेत तू स्वतः उठून सांग. तोवर मी गप्प राहतो. तो पुढचा रविवार म्हणजे आज." तो थांबला. "मी म्हटलं, टॅनर परत येईपर्यंत थांब. वही छापून येऊ दे, तो वाचेल, त्याला कळेल की पुस्तक चुकीचं होतं, तो येईल. थेन म्हणाला, खोट्यावर आलेला मुलगा किती दिवस राहील? मी त्याला ढकललं. नंतर वर जाऊन ते टाइप केलं. मला वाटलं होतं मी त्याला थांबवतोय. हात पुढे गेला तो थांबवायलाच."

सवयीने तो शेवटी "आमेन" म्हणाला. सवयीने दोनशे लोकही म्हणाले.

शेरीफ सहाव्या रांगेत बायकोमुलांबरोबर बसला होता. त्याने मांडीवरची मुलगी बायकोकडे दिली आणि उठला.

९

सोमवारी समिती अकरा मिनिटं बसली. लिओराने लेख, वही आणि ज्यूलियनची टीप टेबलावर ठेवली. नाव राहिलं. पुस्तकं राहिली. गिरणीपाशी दगड ठरल्याप्रमाणे वसंतात बसेल, असंही कुणीतरी इतिवृत्तात नोंदवून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, "सर असते तर त्यांना तुमचा अभिमान..." आणि वाक्य अर्धंच सोडून कागद गोळा करू लागले.

बाहेर व्हरांड्यात टॅनर उभा होता. दोन रात्री झोपला नसावा.

"तुम्हाला एक सांगायचंय. समितीला लिहून द्यायचं असेल तर द्या."

"बोल."

"सरांचं ते गिरणीवरचं पुस्तक मी वाचलेलंच नाही."

लिओराने हातातले कागद कठड्यावर ठेवले.

"चौदा वर्षांचा असल्यापासून मला काही जाणवायचं नाही. सगळे रडायचे साक्ष देताना. मी गुडघे टेकायचो आणि पलीकडे कुणी नसायचं. मिशन केलं, तिथेही नाही. हे बापाला कसं सांगायचं? त्यांनी विचारलं, का, काय झालं, कुणी भरवलं तुझ्या डोक्यात. समोर सरांचं पुस्तक पडलं होतं. म्हटलं, हे वाचलं. त्यांना एकदम पटलं. मला वाटलं, चला, कारण मिळालं म्हातारबुवांना." त्याने हसायचा प्रयत्न केला. "पहिलं पानसुद्धा नाही हो."

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी सुरू केली, बंद केली.

"बाबांना सांगू?"

आयुष्यभर लिओराने एकच शिकवलं होतं: जे झालं ते लिहायचं, कुणाचं काय होईल ते बघायचं नाही. त्यासाठी ती घर, वॉर्ड, गाव गमावून बसली होती.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "मी तुला पुरावा म्हणून बोलावलं होतं."

"कळलं मला ते. बाकावर बसल्या बसल्याच कळलं."

तुरुंगात भेटायची वेळ तीनची होती. तिने त्याला गाडीने नेलं आणि बाहेर थांबली. तो वीस मिनिटांनी आला, दार उघडून शेजारी बसला, पट्टा लावला, समोर बघत राहिला.

"सांगितलंस?"

"नाही," टॅनर म्हणाला. "ते फार आनंदात होते."